घोडा बाहेर कसा आला

मंगळवारी अकराच्या सुमाराला प्लास्टरच्या जबड्यावर चढवलेली अर्धी कवळी बाहेर येईना. चढली होती अगदी सुरळीत. टिचकन आवाज करून जागेवर बसली, मी जबडा उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि नेहमीप्रमाणे स्वतःवर खूश झाले. मग काढायला गेले तर ती हलायला तयार नाही. अंगठ्याने जरा रेटली, तर प्लास्टरची दाढ बुडापासून तुटून माझ्या मांडीवर पडली. एकतीस वर्षं मी दात बनवते. शहरातले नऊ डॉक्टर माझ्याकडे मापं पाठवतात आणि त्यातले तिघे तर असे आहेत, की माप बिघडलं तरी ‘तिच्याकडे जाऊ द्या, ती करेल काहीतरी’ म्हणून मोकळे होतात. दाढेच्या पोटाशी जो खळगा असतो त्यात आधी मेण भरून घ्यायचं, नाहीतर कवळी आत जाते आणि बाहेर येताना अडकते, हे मी या कामाच्या पहिल्या महिन्यात शिकले आणि पुढे कितीतरी जणांना दटावून शिकवलं. त्या दिवशी मीच मेण भरायला विसरले होते. तुटलेली दाढ बोटांत धरून मी पुटपुटले, ‘आत गेली, पण बाहेर येईना,’ आणि दाढ टेबलावर ठेवून दिली. ते कवळीमुळे नव्हे. दाढ तर मी दहा मिनिटांत चिकटवली असती. मला एकोणीस वर्षांपूर्वीचा एक घोडा आठवला होता. तो आत कसा गेला हे मी एकेक चाल लिहून दाखवलं होतं, त्यावर माझं नाव झालं होतं. तो बाहेर कसा आला, हे मी पाहिलं होतं का, तेच मला आठवेना.

मी बुद्धिबळ खेळत नाही, हे लोकांना पटवता पटवता माझी हयात चालली. खेळणाऱ्यांना पुढे काय होणार याची काळजी. आमच्या कोड्यांत पट समोर मांडलेला असतो आणि शोधायचं असतं ते हे, की इथपर्यंत काय काय झालं असेल. कोण कुठून आलं, कोण कुठे मेलं, कुणी कुणाला मारलं. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणतो, ‘तुझ्या खेळात सगळे आधीच मेलेले असतात, तू फक्त पंचनामा करतेस.’ म्हणू दे. पंचनामा करायलाही डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे. मी गर्विष्ठ आहे, हे सांगून टाकलेलं बरं. जे येतं ते येतं म्हणायला मला लाज वाटत नाही, आणि येत असून ‘छे हो, मला कुठलं’ करणारी माणसं मला सहन होत नाहीत.

मास्तर तसे नव्हते. मास्तर शाळेतले नव्हेत. ते एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांचं पोट भरायचं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्यांचं कोड्यांचं सदर असे. मी चोवीस वर्षांची असताना एका अंकात सोंगटी चुकीच्या घरात छापली गेली, आणि ती दाखवून द्यायला मी तडक छापखान्यात गेले. शाईच्या वासात, खिडकीपाशी, कोपरांना ठिगळं लावलेला कोट घालून एक उंच माणूस बसला होता. त्यांनी माझं ऐकून घेतलं, ‘बरोबर आहे’ म्हणाले, आणि खणातून छोटा पट काढून त्यावर चार काळ्या सोंगट्या मांडल्या. राजा त्याच्या मूळ घरी, हत्ती त्याच्या मूळ घरी, दोन प्यादी त्यांच्या मूळ घरी. पांढऱ्याच्या कुठेकुठे. म्हणाले, ‘आता पांढऱ्याची चाल आहे. पुढे काळ्याला कॅसलिंग करता येईल का, सांग.’ राजा आणि हत्ती दोघेही डावाच्या सुरुवातीपासून एकदाही हलले नसतील, तरच त्यांना एका चालीत आपापल्या जागा सोडून शेजारी येता येतं, त्याला कॅसलिंग म्हणतात. दोघेही घरीच बसलेले दिसत होते. मी ‘येईल’ म्हणणार होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. आता पांढऱ्याची चाल, म्हणजे काळा नुकताच काहीतरी खेळलेला आहे. प्यादं कधी मागे येत नाही. ती मूळ घरी आहेत म्हणजे हललेलीच नाहीत. मग हललं कोण? राजा, नाहीतर हत्ती. कुणीही असो, कॅसलिंग गेलं. मी हे तीन मिनिटांत सांगितलं. खरं म्हणजे दोनच. मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढला आणि मशीनवाल्याला हाक मारून सांगितलं, ‘ही पोरगी बघून ठेव.’ त्या क्षणापासून मी त्यांची झाले. घरी वडील होते, चांगले होते, पण मी काय करू शकते ते त्यांना कधी दिसलं नाही. मास्तरांना ते दोन मिनिटांत दिसलं.

पुढची चौदा वर्षं मी दर शनिवारी त्यांच्याकडे जात असे. लग्न झालं, मुलगी झाली, लॅब टाकली, शनिवार चुकला नाही. ‘बंद उंटाचं कोडं’ रचायला त्यांना दोन वर्षं लागली, ती मी शेजारी बसून पाहिली. दोन चालींत मात, पण काळ्याला कॅसलिंग करता येत नसेल तरच. म्हणजे काळा राजा आधी कधीतरी हललेला आहे, हे सिद्ध करायचं. पुरावा काय, तर एक मेलेला उंट. काळ्याचा एक उंट पटावर नाही, आणि त्याच्या दारातली दोन्ही प्यादी तर जागची हललेली नाहीत. म्हणजे तो बिचारा घराबाहेर पडलाच नाही, त्याला घरात येऊन मारलं. कुणी? तिथे फक्त घोडाच उडी मारून जाऊ शकतो. त्या घरी यायला घोड्याला चार वाटा. दोन वाटांवर काळ्याची प्यादी पहिल्यापासून बसलेली. तिसऱ्या वाटेवर पांढऱ्याचंच एक प्यादं, ते उंट मरायच्या आधीपासून तिथे होतं असं मास्तरांचं म्हणणं. उरली चौथी. आणि चौथ्या वाटेवर घोडा उतरला की काळ्या राजाला शह बसतो. घोड्याचा शह अडवता येत नाही, आणि घोडा मारला गेलेला नाही, पांढऱ्याचे दोन्ही घोडे पटावर उभे आहेत. म्हणजे राजाला हलावंच लागलं. झालं सिद्ध. एवढं सगळं एका न दिसणाऱ्या उंटावरून. छापून आलं त्या आठवड्यात मास्तर रस्त्याने जरा वेगळेच चालत होते, छाती पुढे काढून, आणि मला त्यांचा तो ताठा फार आवडला होता.

आणि ते कोडं मी मोडलं. मी अडतीस वर्षांची होते. मुलगी आजारी होती म्हणून तीन दिवस घरी बसले होते, तिच्या पायथ्याशी पट ठेवून. ते तिसऱ्या वाटेवरचं प्यादं मला सलत होतं. ते आधीपासून तिथे होतं कशावरून? घोडा त्याच वाटेने आत शिरला, उंटाला मारलं, आणि मग मागाहून प्यादं तिथे आलं, असं का नाही? मी मागे जात जात चौतीस चाली लिहून काढल्या. त्यात घोडा तिसऱ्या वाटेने आत जातो, राजाला शह बसतच नाही, राजा हलत नाही, कॅसलिंग शाबूत, मात होत नाही. कोडं मोडलं. मी ते पाकिटात घालून टपालाने पाठवलं, हातात द्यायची हिंमत झाली नाही. पुढच्याच अंकात मास्तरांनी चौकटीत छापलं, माझ्या चौतीस चालींसकट. ‘कोडं मोडलं. मोडणारीचं मनापासून अभिनंदन.’ त्यावर वाद झालाच नाही. ज्याचं कोडं त्यानेच मान्य केल्यावर दुसरं कोण तपासणार? त्या वर्षी सोडवणाऱ्यांच्या मेळाव्यात माझी ओळख करून दिली ती, ‘मास्तरांना पाडणारी ती हीच,’ अशी. मास्तर पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मागे वळून इतरांनाही उठवत होते. वर्षभरात त्यांनी सदर माझ्या हवाली केलं. त्यानंतर त्यांनी एकही कोडं रचलं नाही. वय झालं, म्हणाले. सदुसष्ट काही फार वय नव्हतं, पण मला तेव्हा ते ऐकायला बरंच वाटलं. आजही ते सदर मीच चालवते, आणि अजूनही कुणी नवीन माणूस पत्र लिहितो तेव्हा सुरुवातीला बंद उंटाचा उल्लेख असतो. एकोणीस वर्षं मी त्या चौतीस चालींवर जगले.

मंगळवारी मी लॅब चारलाच बंद केली. घरी येऊन जुन्या अंकांचा गठ्ठा काढला, पट मांडला, आणि चपलाही न काढता खाली बसले. चौतीस चालींतली एकविसावी: घोडा आत, उंट मेला. बाविसावी: मागचं प्यादं पुढे येऊन तिसऱ्या वाटेवर बसलं. ते लगेच यावंच लागत होतं, कारण त्याने सोडलेल्या घरावर पुढच्या चालीत हत्तीला यायचं होतं, नाहीतर पुढचं सगळं गाडं अडत होतं. तेविसावी, चोविसावी. पंचविसावी: घोडा बाहेर. मी फक्त लिहिलं होतं, ‘घोडा बाहेर.’ कुठून बाहेर? दोन वाटांवर काळी प्यादी. तिसऱ्या वाटेवर आता माझंच प्यादं. राहिली चौथी. मी घोडा उचलून चौथ्या वाटेवर ठेवला आणि बघत राहिले. शह. सरळसरळ, नवशिक्यालाही दिसेल असा शह. राजा हलला. कॅसलिंग गेलं. मास्तर म्हणत होते तेच झालं, फक्त आत जाताना नाही, बाहेर येताना. त्यांच्या सिद्धतेत फट होती हे खरं, ती मी शोधली होती, पण त्या फटीतून कोडं मोडत नव्हतं. मागे जात चाली शोधणाऱ्यालाच होईल अशी ही चूक. आम्ही सगळे एवढंच बघतो, की सोंगटी तिथे पोचली कशी. पुढे जाणाऱ्या माणसाने घोडा हातात धरला असता, तर त्याला शह दिसल्याशिवाय राहिला नसता.

बुधवार ते शुक्रवार मी काम केलं, दातही चांगले झाले, पण माझ्या हातांना माझी गरज नव्हती. दुपारी मेण तापवताना, बसच्या रांगेत, आंघोळ करताना मी तो घोडा बाहेर काढत होते. हत्ती दुसरीकडून आणला तर? प्यादं एक चाल थांबलं तर? प्रत्येक वेळी कुठेतरी दुसरीकडे फाटत होतं. मला माझ्या चौतीस चाली वाचवायच्या होत्या, त्यात आडपडदा कशाला ठेवू. गुरुवारी तर आणखी एक विचार डोक्यात आला. मास्तर शहाऐंशी वर्षांचे आहेत. चार-पाच वर्षांनी, ते नसताना, सदरात तळाशी दोन ओळींची दुरुस्ती दिली तर कुणाला काही वाटणार नाही, उलट माझा प्रामाणिकपणाच दिसेल. विचार येऊन गेला आणि माझ्या तोंडाला कडू चव आली, खरोखरची कडू, मी उठून चूळ भरली. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, ‘तीन दिवस मीठ कमी पडतंय, काय झालंय?’ मी सांगितलं. त्याला घोडा कळला नाही, बाकी सगळं कळलं.

‘हे कुणाला माहीत आहे?’ त्याने विचारलं.

‘कुणाला नाही.’

‘कळेल कुणाला?’

‘नाही कळणार. ते कोडं मन लावून बघणारी माणसं सगळी मिळून पंधरा होती, त्यातली सहा गेली.’

‘मग?’

‘मग काय मग? मला कळलंय ना.’

‘म्हणजे तुझं तुझ्याशीच भांडण आहे,’ तो पोळी मोडत म्हणाला. ‘त्यात मी पडत नाही. तू दोन्ही बाजूंनी जिंकणार.’ मला हसू आलं आणि मग हसू आल्याचा राग आला. त्याला वाटत होतं मी सच्चेपणामुळे तळमळतेय. तसं नव्हतं. माझ्या गर्वाला ते खपत नव्हतं. मी दुसऱ्याच्या उष्ट्या यशावर जगणारी बाई नाही. जे माझं नाही ते मला नको, आणि माझं नाव झालं ते अशा गोष्टीवर जी मुळात घडलीच नव्हती, हे मला रात्रंदिवस टोचत राहिलं असतं. आणि त्याहून मोठं म्हणजे मास्तर. एका खोट्या शब्दाने मी त्यांचं सगळ्यात सुंदर काम पुसून टाकलं होतं, आणि ते न सांगता त्यांना मरू देणं मला जमणार नव्हतं. माझं सदर गेलं तर जावो. लोक हसले तर हसोत. फक्त मास्तर माझ्याकडे कसे बघतील, याची मला भीती वाटत होती. ‘ही पोरगी बघून ठेव,’ म्हणणारे डोळे होते ते. शुक्रवारी संध्याकाळी मी सदरासाठी एक पानी दुरुस्ती लिहिली. ‘एकोणीस वर्षांपूर्वी मी बंद उंटाचं कोडं मोडलं असा दावा केला होता. तो चुकीचा होता. कोडं बरोबर आहे.’ खाली पंचविसावी चाल आणि शह. खाली माझी सही, पूर्ण नावाने.

शनिवारी सकाळी दहाला, आधी फोन करून, मी मास्तरांच्या घरी गेले. ते आता मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार सुनेने उघडलं. ‘या ताई. बाबा सकाळपासून दाढी करून बसलेत, तुम्ही येणार म्हणून,’ ती म्हणाली. बाल्कनीलगतच्या खोलीत मास्तर बसले होते, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र, त्यात पेन्सिलीने छपाईच्या चुकांभोवती गोल केलेले. ही सवय गेलेली नाही. मी चहा घेतला नाही. बसलेही नाही. ‘मास्तर, माझी चूक झालीय,’ म्हटलं, आणि त्यांच्या टेबलावर पट मांडायला लागले. त्यांनी विचारलं नाही कुठली. चौथी सोंगटी ठेवताच त्यांना कोडं ओळखू आलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मी एकविसावी चाल केली. बाविसावी. घोड्यावर बोट ठेवलं आणि उचलणार, तोच मास्तर म्हणाले, ‘शह.’

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. मास्तरांचा चेहरा लाल होत गेला. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. छापखान्यात पान उलटं छापलं गेलं तरी ते नुसते ‘अरेरे’ म्हणत.

‘एकोणीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘अगं, एवढं घासूनपुसून रचलेलं मोडलं, तर मला वाटलं आपली नजर गेली. गेली नजर, आता लोकांना त्रास देऊ नये. म्हणून बंद केलं मी सगळं. नजर गेली नव्हती माझी!’

‘मास्तर, मी तुमचं...’

‘तू थांब. तुझ्यावर नाही चिडलो. हे अर्ध्या तासाचं काम होतं. अर्ध्या तासाचं! आयुष्यभर लोकांची मुद्रितं तपासली मी. वेलांटी सोडली नाही कुणाची.’

‘मग तुम्ही हे तपासलं नाही?’ माझ्या तोंडून निघून गेलं. मला खरंच वाटलं होतं, त्यांनी तपासलं, हरले, आणि मोठ्या मनाने छापलं. त्या टाळ्यांचा अर्थ मी तसाच लावला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं. ‘तपासायचं काय त्यात? तुझं पाकीट होतं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं, आत “कोडं मोडलं” एवढं वाचलं आणि तसाच उठून मशीनवाल्याकडे गेलो. म्हटलं, मी सांगितलं नव्हतं? बघून ठेव म्हणून?’

मी खुर्चीवर बसले. मी त्यांना दुरुस्तीचं पान दिलं. ‘पुढच्या अंकात जाईल,’ म्हटलं. त्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं, खणातून भिंग काढलं आणि म्हणाले, ‘आता तपासतो.’ मी म्हटलं, ‘तपासा.’ ते माझं देणं होतं त्यांना, एकोणीस वर्षांचं. मास्तरांनी पट स्वतःकडे ओढून घेतला आणि सोंगट्या हलवायला लागले. त्यांची बोटं आता कापतात, घोडा दोनदा आडवा पडला, मी हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला. साडेबाराला सून जेवायला बोलवायला आली. ‘तुम्ही जेवून घ्या,’ ते मान वर न करता म्हणाले. ‘बाबा, गोळी घ्यायचीय.’ ‘घेतो.’ तिने गोळी आणि पाणी टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून ‘ह्यांचं असंच’ अशी मान हलवली.

दीड वाजून गेला. मला वाटत होतं, ते माझं दुरुस्तीचं पान पडताळून बघताहेत. त्याला इतका वेळ लागायला नको होता. मग मी पट नीट पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या वाटेवरचं प्यादं त्यांनी मागे ठेवलं होतं. हत्तीला दुसरीकडून फिरवून आणत होते. वजिराला एक चाल जास्त खेळवून बघत होते. ते जमेना, तेव्हा सगळं पुन्हा मांडून घोड्याला दोन चाली आधी आत धाडत होते. मी चार दिवस जे जे केलं होतं ते सगळं, आणि मला न सुचलेलंही. एकदा त्यांनी एक काळं प्यादं अशा जागी मारू दिलं की मी पुढे वाकले, त्या वाटेने घोडा कदाचित निघालाही असता. सहा चालींनंतर तेही अडकलं. मास्तर स्वतःचं कोडं वाचवत नव्हते. ते तर वाचलेलंच होतं. ते माझा घोडा बाहेर काढत होते.

‘मास्तर,’ मी म्हटलं, ‘तुमचं कोडं बरोबर आहे. तुम्ही हे काय करताय?’

‘गप्प बस गं. निघतोय का ते बघू दे.’

चार वाजता त्यांनी हात मागे घेतले. उन्हाची तिरीप पटावरून भिंतीवर गेली होती. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि त्यांच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, ‘नाही निघत गं. पुष्कळ बघितलं. नाही निघत.’ त्यांना वाईट वाटत होतं. त्यांचं स्वतःचं सगळ्यात सुंदर काम एकोणीस वर्षांनी त्यांना परत मिळालं होतं, आणि त्यांना वाईट वाटत होतं, कारण मी चुकले होते. मग त्यांनी माझं पान ओढलं, भिंगाखाली धरून पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि तळाशी, माझ्या सहीशेजारी, मुद्रितावर लिहायचे तसं ‘तपासले’ लिहून तारीख टाकली. ‘छाप,’ म्हणाले, आणि गोळी तोंडात टाकून सुनेला हाक मारली, की आता दोघांचंही वाढ. मी जेवले, पोटभर जेवले. संध्याकाळी ते पान पिशवीत घालून निघाले. लोकांसमोर हरण्याचा कागद माझ्यापाशी होता, आणि एवढ्या ताठ मानेने मी आजवर कुठल्याही घराचे जिने उतरले नव्हते.